बॅटरीला लावलेली चिंच

भंडाऱ्यात वाढलेल्या माणसाला कुठं हिरवं चढलेलं दिसलं की त्याचा हात आपसूक चिंचेकडे जातो. पितळेचं गाव आहे आमचं. घरोघरी घागरी, पाण्याचे गुंड, पराती, समया, आणि सणवार आला की प्रत्येक अंगणात चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. बायका घासतात. पुरुष खुर्चीत बसून "तिथं राहिलं, तिथं राहिलं" असं सांगतात. एवढी वर्षं पाहून पाहून त्यांनाही वाटायला लागतं की हे आपल्याला येतं. त्याला माझी काही हरकत नाही. हरकत एवढीच की गाडीची बॅटरी म्हणजे घागर नव्हे, आणि ही गोष्ट माझ्या नवऱ्याला सांगायची सोय नव्हती.

आमचं साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी घरात माग चालायचे, आता मागाच्या खोलीत गठ्ठे ठेवतो. दुकान नवरा आणि भासरे, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, दोघं मिळून पाहतात. दुकान बरं चालायला लागलं तशी घरात पांढरी गाडी आली. नवी नाही, दुसऱ्याची वापरलेली. पण यांनी तिला अशी वागवली की नव्या नवरीलाही कोणी वागवत नाही. मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. बसताना चप्पल झटका. दार हळू लावा. काचेला डोकं टेकवू नका, तेल लागते. आणि चावी? चावी यांच्या शर्टाच्या खिशात. शर्ट धुवायला टाकला की चावी दुसऱ्या शर्टाच्या खिशात. देवाच्या पेटीची चावी घरात कुठंही लोळत असते, पण ही नाही.

मी गाडी शिकले ती हौसेनं नाही. माझी आई एकोडीला राहते, साकोली तालुक्यात. बाबा गेल्यापासून एकटी. थोडी धानाची शेती, ती बटाईनं दिलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजव्या डोळ्यानं तर नुसता उजेड-अंधार कळायचा. तांदूळ निवडायला बसली की खडे ठेवायची आणि तांदूळ फेकायची, आणि वर मलाच म्हणायची, "आताचे तांदूळच खराब येऊन राहिले बाई." भंडाऱ्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी पाहून स्पष्ट सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकून कडक होतो आहे, आता उशीर केला तर ऑपरेशन अवघड जाईल. तिला आणायचं, ऑपरेशन करायचं, परत तपासायला आणायचं, सोडायचं. दर वेळी मी यांच्या तोंडाकडे पाहत बसायची. हे म्हणणार, "पाहू." दुकानदाराचं "पाहू" म्हणजे काय असतं ते गिऱ्हाइकांना विचारा.

म्हणून मी मोटार ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. घरात हसाहस झाली. भासरे म्हणाले, "वैनगंगेच्या पुलावर जाऊ नको म्हनजे झालं, नाईतर मासोळ्याईले घरी येशीन घेऊन." मी शिकले, परीक्षा दिली, लायसन्स हातात आलं. फोटो असा आला होता की पोलीस स्टेशनात लावावा, पण लायसन्स ते लायसन्स. ते घेऊन मी यांच्यापुढं उभी राहिले आणि हात पुढं केला.

"चावी द्या."

यांनी लायसन्स उलटून पाहिलं, जसं काही मागच्या बाजूला खरी किंमत लिहिलेली असते. मग म्हणाले, "गाडी चालवनं म्हनजे नुसतं स्टेअरिंग फिरवनं नाई. आधी गाडी समजली पाहिजे. बॅटरीले हिरवं चढून राहिलं पाय. रस्त्यात बंद पडली तर बाईमानूस काय करशील? जोवर हे फुलनं बंद होत नाई, तोवर चावीचं नाव काढू नको."

मला पटलंही थोडं, भोळीच मी. वाटलं, घासतील एकदा आणि संपेल.

मग सुरू झाला रविवारचा सोहळा. फाटकी बनियान घालायची, बॉनेट उघडून दांडीवर टेकवायचं, कमरेवर हात ठेवून आत डोकावायचं. बॅटरीच्या दोन टोकांवर, जिथं तारा येऊन कसतात तिथं, पिठासारखं पांढरं आणि त्यावर मोरपिशी हिरवं काही तरी फुललेलं असायचं. हे मान हलवायचे. मग घराकडं तोंड करून हाक, "अवं, चिंच आन! मीठ बी आन!" मी कोळ करून द्यायची. हे शेंडीनं घसाघसा घासायचे. पाणी मात्र एक थेंब लावू द्यायचे नाहीत, कारण पाणी विजेचं वैरी. म्हणजे चिंच आणि मीठ तिथंच वाळायचं. टोकं लखलख व्हायची, ते खरं. मग सगळ्या घराला बोलावणं. भासरे वरून वाकून म्हणायचे, "वा रे वा! घागरीवानी निंगालं!" मग त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि बॉनेट बंद. पंधरा दिवस जात नाहीत तर पुन्हा फुलोरा, आणि तो आधीपेक्षा जोमदार. खतपाणी मिळालेलं पीक जोमानंच येणार ना बाप्पा.

मी एकदा म्हटलं, "अजी, बॅटरीत अ‍ॅसिड असते म्हनता नं? चिंच बी आंबटच. आंबटावर आंबट कायले लावता? खायचा सोडा लावून पाहा नं एकदा."

"सोडा भज्यात टाकतेत," हे म्हणाले.

"तुमी रविवारी मटन खाऊन छातीत जळजळ झाली की काय घेता?"

"ते पोट आहे. हे मशीन आहे."

मोबाईलवर मी एका बाईचा व्हिडिओ पाहिला होता. बाई दक्षिणेकडची होती, भाषा मला ओ की ठो कळली नाही, पण तिच्या हातातला सोड्याचा डबा कळला, गरम पाणी कळलं, दात घासायचा ब्रश कळला. तिनं सोडा टाकला आणि ते सगळं हिरवं फसफसून वाहून गेलं. मी तो व्हिडिओ यांना दाखवला. यांनी अर्धा पाहिला आणि विचारलं, "इच्या घरी मानूस नाई का कोनी?"

आमच्या शेजारी एक काका आहेत. वरठीला कारखान्यात जन्म काढला, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक नटबोल्टवर त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "चिंच-बिंच काही नाई, काळं थंडं ओत. आमी फॅक्टरीत तेच करत होतो. लोखंडाचं मले सांगू नको." ती टोकं लोखंडाची नसतात, शिशाची असतात, पण काकांनी एकदा लोखंड म्हटलं की शिशानंही ऐकून घ्यायचं. यांनी थंड्याची, म्हणजे कोलाची, अख्खी बाटली ओतली. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं तर आत मुंग्यांचं लग्न लागलेलं. बॅटरीवर मुंग्या, वायरीवर मुंग्या, हवेच्या पाईपात मुंग्या. हे म्हणाले थंड्यानं वाटोळं केलं. काका म्हणाले चिंचेनं केलं. दोघांची काही दिवस बोलचाल बंद होती, आणि गल्लीत तेवढीच शांतता होती.

मग समेट झाला तो नजरेवर. दोघांचंही एकमत झालं की उपाय दोन्ही बरोबर होते, गाडीलाच कोणाची तरी नजर लागली आहे. मग लिंबू-मिरची. ती सगळे बाहेर बांधतात. यांनी आत, बॅटरीजवळ बांधली, कारण दुखणं तिथं. इंजिन तापलं की गाडीत लोणच्याचा घमघमाट यायचा. भासऱ्यांना गाडीत बसल्या बसल्या भूक लागायची.

ऐकणाऱ्याला हसू येतं, मलाही आता येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा नुसती आग व्हायची. कारण काम यांचं बिघडायचं आणि नापास मी व्हायची. घासून घासून हे त्या बॅटरीची वाट लावायचे, ती पुन्हा फुलायची, आणि ती फुलली की मी चावीला अजून लायक नाही! आणि तिकडे एकोडीला आई भिंतीला हात लावत लावत न्हाणीघरात जायची. डॉक्टरांची पहिली तारीख दुकानाच्या सेलमध्ये गेली. दुसरी बॅटरीनं खाल्ली. दोन्ही वेळेस आई फोनवर म्हणाली, "राहू दे बाई. एका डोळ्यानं बी दिसते." तो एक डोळाही कसा होता ते मला माहीत होतं. मागच्या वेळी मी दारात उभी असताना तिनं मला विचारलं होतं, "कोन आहे?"

तिसरी तारीख मिळाली ती थंडीत. दुपारच्या आत आईला दवाखान्यात आणायचं होतं. डॉक्टरांच्या माणसानं बजावलं होतं की या वेळी चुकलं तर मग पुढच्या वर्षीच पाहा. आदल्या दिवशी मी यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. सकाळी हे तयार होऊन गाडीत बसले, चावी फिरवली, आणि गाडी म्हणाली, "टक्." पुन्हा फिरवली. "टक्." लाईट लागायचे ते बिचारे मिणमिणते. हे उतरले, बॉनेट उघडलं. रविवारी घासलेल्या टोकांवर असा फुलोरा आला होता की दोन्हीकडून गजरे माळल्यासारखं दिसत होतं.

झालं. भासरे खाली आले, काका कुंपणावरून आले. तिघं आत डोकं घालून उभे राहिले. एक म्हणाला धक्का मारू. दुसरा म्हणाला धक्का मारून इंजिन बसते. तिसरा म्हणाला बॅटरीच बदलून टाक. घड्याळ पुढं चाललं होतं. मी म्हटलं, "अजी, सोडा आनू का?"

हे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चिंच आन."

तेवढ्यात दुकानावरच्या माणसाचा फोन. लग्नाचा बस्ता बांधायला तुमसरकडची मंडळी आली आहे, नवरीकडची, नवरदेवाकडची, आत्या-माम्या सगळ्या, जीप भरून. बस्ता म्हटल्यावर दोन्ही भाऊ असे हलले की काय सांगू! गाडीनं तसा पिकअप कधी घेतला नाही. भासऱ्यांनी मोटरसायकल काढली, हे मागे बसले, आणि जाता जाता मला म्हणाले, "मामीले फोन करून सांग, पुढच्या टायमाले पाहू." आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो. प्रेमानं म्हणतो. फक्त तिच्या डोळ्याला वेळ नसतो.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. मी तिथंच उभी राहिले, चिंचेची वाटी हातात घेऊन. ती वाटी मी नालीत उपडी केली. मग माझं लक्ष गेलं. घाईघाईत चावी गाडीतच राहिली होती, स्टेअरिंगखाली लटकत.

मी घरात गेले. गॅसवर तपेलीभर पाणी ठेवलं. भज्यांचा सोडा काढला, चांगला डबाच घेतला. जुना ब्रश काही केल्या सापडेना, तर न्हाणीघरात यांचा होता, तो उचलला. (संध्याकाळी नवीन आणून ठेवला. एवढी काही वाईट नाही मी.) टाचांना लावायची व्हॅसलीनची डबी घेतली, हातात भाजीच्या प्लॅस्टिक पिशव्या चढवल्या, यांच्या पेटीतला पाना घेतला आणि बाहेर आले.

काका अजून तिथंच. "अवं, काय करून राहिली? करंट लागन!"

"लागू द्या. एवढ्या दिवसात हाताले काहीच लागलं नाई माह्या."

आधी वजा खुणेची तार सोडली, मग अधिकची. दोन्ही कसून बसल्या होत्या, पण राग असला की पाना बरोबर फिरतो. गरम पाण्यात सोडा कालवला आणि ब्रशनं त्या फुलोऱ्यावर सोडला. अहाहा! जो फसफस आवाज निघाला, जो फेस आला! काका एकदम आपल्या फाटकापर्यंत मागे. "फुटते वं! फुटते ते!" फुटलं काही नाही. फेस खाली ओघळला, हिरवं गेलं, पांढरं गेलं, वाळलेली चिंच गेली, मीठ गेलं, साकळलेलं थंडं गेलं, हळदकुंकू गेलं. त्या टोकांवर काय काय चढवून ठेवलं होतं या माणसांनी! लिंबू-मिरची मी तोडून फेकली. साध्या पाण्याचा हात फिरवला, सुती साडीच्या चिंधीनं कोरडं पुसलं, तारा बसवल्या, या वेळी अधिकची आधी. पाना आवळला. वरून व्हॅसलीन. एवढंच काम. एक चहा उकळून होतो तेवढ्या वेळाचं, ज्यापायी माझ्या आईचं अर्धं वर्ष गेलं.

चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. आणि मला रडू आलं, खरंच सांगते, भोंगा पसरून रडले मी त्या सीटवर बसून. काका फाटकातून ओरडले, "बंद कर, मी त्याईले फोन लावतो!" मी गाडी रस्त्यावर घेतली.

शाळेच्या मास्तरशिवाय मी पहिल्यांदा चालवत होते. कारध्याच्या पुलावर मागून ट्रक भोंगे मारत अंगावर आला. खाली वैनगंगा, आणि मला भासऱ्यांच्या मासोळ्या आठवल्या. मी मनातल्या मनात भासऱ्यांना अशा शिव्या दिल्या की भीतीला जागाच उरली नाही. पूल संपला. लाखनी गेलं. हायवे सोडून आत वळले. दोन्हीकडं कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या आणि रचून ठेवलेले धानाचे पुंजणे, आणि मधून मी, माझ्या माहेरी, माझ्या हातानं. सासरहून एकोडीला मी किती तरी वेळा आले होते, पण कोणाच्या सवडीशिवाय आले ते तेव्हाच.

आई ओट्यावर थैली मांडीवर घेऊन बसली होती. गाडीचा आवाज ऐकून उठली, पदर सारखा केला.

"जवाई आले?"

"नाई. मी आली."

"मंग गाडी कोनं आनली?"

"मीच आनली, आई."

तिचा विश्वास बसेना. ती गाडीभोवती चाचपडत फिरली, मागच्या काचेला नाक लावून आत पाहिलं, डिक्कीपर्यंत जाऊन आली. आत कोणी लपून बसलं आहे अशी तिची खात्री होती. कोणी नाही म्हटल्यावर ती परत ओट्यावर जाऊन बसली. थैली पुन्हा मांडीवर.

"मी नाई येत."

"काहून?"

"बाईनं चालवलेल्या गाडीत मी नाई बसत. मले डोळा पायजे, पर जीव बी पायजे नं माय. बसनं येईन मी."

मला वाटलं आता डोकं आपटून घ्यावं. जिच्यासाठी मी शिकले, भांडले, करंटला भ्यायले नाही, ती एसटीनं यायचं म्हणते! एसटी कधीची निघून गेली होती. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. वेळ हातातून चालला होता. आई ढिम्म. शेवटी म्हणते कशी, "जवायाले फोन लाव. ते म्हनतील तर बसन."

लावला. मी स्पीकरवर टाकला. पलीकडे बस्त्याचा गोंधळ, साड्यांची फडफड, बायकांचे आवाज. काकांनी बातमी आधीच पोचवली होती, कारण हे काही दचकले नाहीत. आई म्हणाली, "जवाईबापू, हे पोरगी गाडी घेऊन आली. बसू का मी?"

मग यांचा दुकानातला आवाज, गिऱ्हाइकाला रंग जाणार नाही असं सांगतात ना, तो. "बसा मामी, बिनधास्त बसा. बॅटरी मीनंच साफ करून ठेवली होती. काई चिंता नोका करू."

आई उठली आणि गाडीत बसली.

मी काय करायला हवं होतं? फोनवर भांडायला हवं होतं, खरं काय ते सांगायला हवं होतं. माझ्या नखांत अजून ते हिरवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर ती पुन्हा उतरली असती. खोटं बोलून त्या माणसानं माझ्या आईला माझ्याच गाडीत बसवलं होतं. मी दात खाल्ले आणि गिअर टाकला. वाटेभर आई डोळे घट्ट मिटून, दाराचा हॅन्डल धरून बसली. मधून मधून एवढंच म्हणायची, "जवाई किती कामाचे आहेत बाई. बॅटरी बी साफ करते!"

वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं. वाट पाहत बसलेल्या बायकांत कोणी तरी तिला विचारलं, कसं आणलं तुम्हाले? आई म्हणाली, "जवायानं गाडी धाडली." त्या बाईनं माझ्या हातातल्या चावीकडे पाहून मला बाजूला सरकून जागा दिली, ड्रायव्हरला देतात तशी.

संध्याकाळी हे घरी आले. मस्त बस्ता झाला होता, खुशीत होते. सासूची विचारपूस केली, डोळ्यावरची पट्टी पाहिली, आणि सहज, पाण्याचा गिलास मागावा तसा माझ्यापुढं हात केला. "आन चावी."

"नाई."

"काहून?"

"गाडी आधी समजली पाहिजे," मी म्हटलं. "तुमाले ते समजली की मांगा."

आई तिथंच बसली होती. एक डोळा झाकलेला, एक अधू. हे हसले, भासरे हसले, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न झाला. मी चावी ब्लाऊजमध्ये टाकली. संपला विषय.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, आईनं बरोबर मोजली, आणि मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "किती काळी झाली वं तू," म्हणाली. तेवढ्यासाठी केला होता सगळा खटाटोप. चार दिवस ठेवून घेतली, औषधं घातली, मग सोडायला निघाले. हे म्हणाले, "रविवारी मी सोडतो." आईनं काळा चष्मा सारखा केला आणि माझ्याआधी जाऊन गाडीत बसली. पुढं. माझ्या बाजूला.

या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. सगळी वाट माझ्या हातांकडे पाहत होती. गिअर टाकला की पाहायची, ब्रेक दाबला की वाकून पायाकडे पाहायची. लाखनीच्या पुढं तिनं विचारलं, "हे कोनं शिकवलं तुले?" मी म्हटलं, शाळेत जाऊन शिकले. "हव का," म्हणाली, आणि पुन्हा पाहायला लागली. मला कळेना, भीती वाटते की काय.

एकोडी आली. घराकडे वळणार तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "आत्ताच घरी नोको नेऊ. तिकडून घे. तुह्या काकूच्या दारावरून."

काकू म्हणजे बाबांच्या भावाची बायको. त्या दोघींची चढाओढ मी जन्मल्यापासून पाहते. काकू गावभर सांगत फिरत होती की पोरगी भंडाऱ्यात दिली, पर मायले डोळे दाखवाले कोनी नेईना. ती अंगणातच होती, सूप घेऊन. आई म्हणाली, "हळू कर. अजून हळू. काच कशी खाली होते?" मी काच खाली केली. आईनं पाठ ताठ केली, चष्मा काढला, आणि दोन्ही डोळे उघडे टाकून काकूकडे असं पाहिलं की काकू सूप विसरली.

"अवं माय!" काकू म्हणाली. "गाडी कोन चालवून राहिलं?"

"माही पोरगी!" आई ओरडली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. एवढ्या मोठ्यानं तिनं माझं कधी काही सांगितलं नव्हतं. "एकटीनं आनली, एकटीनं नेली! अन् बॅटरी नं, बॅटरी तर जवायानं..."

मी हॉर्न दाबला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत दाबून धरला.